पायवाट राखा, पाय राखतील



या सदरात आपण करप्याबद्दल बोलतो, खोडकिडीबद्दल बोलतो, युरियाचा हप्ता केव्हा द्यावा ते बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. भिवंडी तालुक्यातील अकलोलीजवळच्या एका पाड्यावरून एका शेतकरी भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात :

"भाऊ, तुम्ही नेहमी भाताच्या रोगाचे सांगता, आज माणसाच्या रोगाचे सांगा. आमच्या मालकांना पन्नाशीतच साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चालायचे. चालायला जायचे कुठे? रस्त्यावर निघावे तर रविवारी कुंडावर येणाऱ्यांच्या गाड्या आणि इतर दिवशी ट्रक-टेम्पो. शेताकडे जाणारी जुनी वाट होती, तिच्यावर एकाने तारेचे कुंपण घातले. शाळेचे मैदान सुट्टीनंतर कुलपात. अंगणातच फेऱ्या मारल्या तर शेजारी हसतात. आता काय करावे?"

ताई, तुमच्या पत्रात दुखणेही आहे आणि त्याचे मूळही आहे. डॉक्टरांनी सांगितलेले औषध बरोबर आहे. पण ते घ्यायला जागा हवी, आणि ती जागा कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात, गावनकाशात आणि ग्रामसभेच्या ठरावात असते. म्हणून आज आपण या दोन्हींचा एकत्र विचार करू.

नांगरामागचे सव्वीस किलोमीटर

आपल्या आजोबांना कुणी "चालायला जा" असे सांगितले नाही. का सांगितले नाही, ते हिशेब करून पाहू.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. बैलाच्या नांगराचे तास सहा इंच रुंदीचे धरले, तर एक एकर एकदा नांगरायला साडेसव्वीस किलोमीटर चालावे लागते. उभी आणि आडवी अशी दोनदा नांगरट केली की ते त्रेपन्न किलोमीटर झाले. त्यात वळणे धरलेली नाहीत, आणि ही चाल मोकळ्या रस्त्यावरची नव्हे, ढेकळांतली आणि चिखलातली. नंतर चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी, भारे वाहणे, झोडणी. घरच्या बाईची पाण्याची खेप आणि लाकडाची मोळी वेगळीच.

पुढे पॉवर टिलर आला. त्याचा पट्टा दोन फुटांचा धरला, तर तेच एक एकर साडेसहा किलोमीटर चालून होते. ट्रॅक्टर आला आणि चालणे शून्यावर आले. तणनाशकाने बेणणी कमी केली, मळणी यंत्राने झोडणी कमी केली. शेतावर जायला मोटारसायकल आली, घरात नळ आला.

हे सगळे वाईट झाले, असे मी मुळीच म्हणत नाही. पॉवर टिलरची प्रात्यक्षिके मी स्वतः बांधावर उभे राहून दिली आहेत आणि पुन्हाही देईन. पाण्याच्या हंड्याखाली ज्या बाईची मान मोडली, तिला विचारा नळ हवा की नको. कष्ट कमी होणे हीच तर शेतीसुधारणा. पण या कष्टांबरोबर शरीराची रोजची हालचालही निघून गेली, आणि तिच्या जागी काय ठेवायचे याचा विचार आपण गाव म्हणून कधी केला नाही.

भिवंडी तालुक्यात ही गोष्ट अधिक लवकर घडली. भात हे एकच मोठे पीक. दिवाळीच्या सुमारास खाचरे मोकळी झाली की वाल, हरभरा किंवा भाजीपाला करणारे थोडे; बाकीच्यांना पुढचा पावसाळा येईपर्यंत शेतात फारसे काम नाही. यंत्रमाग आणि गोदामे आली, जमिनी विकल्या गेल्या, कुणी गोदामावर रखवालीची नोकरी धरली, कुणी टेम्पो घेतला. पूर्वी बारा तास उभा असणारा माणूस आता बारा तास बसून असतो.

कष्ट गेले, ताट तेवढेच

काम बदलले, ताट बदलले नाही. चिखलणी करून आलेल्या माणसाला भाताचा जेवढा ढीग लागायचा तेवढाच गाडीच्या सीटवर बसून आलेल्या माणसालाही वाढला जातो. वर साखरेचा चहा, फरसाण आणि थंड पेयाची बाटली आली. बैलाला काम नसताना आपण त्याचा खुराक कमी करतो आणि त्याला फिरवून आणतो. धन्याच्या बाबतीत मात्र हा नियम आपण विसरतो.

याचा परिणाम आता आकड्यांत दिसतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात मधुमेही दहा कोटींच्या वर गेल्याचे त्यात आढळले. शहरात शंभर प्रौढांमागे सुमारे सोळा आणि खेड्यात शंभरामागे सुमारे नऊ. म्हणजे साखरेचा रोग हा शेठजींचा रोग राहिलेला नाही. शंभर मोठी माणसे असलेल्या पाड्यावर आठ-नऊ घरांत तो शिरलेला असू शकतो आणि त्यांतल्या काहींना त्याचा पत्ताही नसतो.

दुसरा आकडा हालचालीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे, २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत शंभरामागे सुमारे ४२ आणि स्त्रियांत सुमारे ५७. बायका दिवसभर राबतात आणि तरी त्यांची हालचाल कमी कशी, असे कुणी विचारेल. चुलीपुढे, शिलाईयंत्रापुढे किंवा निवडण-टिपण करत बसून दिवस गेला तर थकवा येतो, पण दम लागत नाही. शरीराला थोडा दम लागेल, घाम येईल अशी हालचाल हवी असते.

ती किती हवी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप सोपे आहे. मोठ्या माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास भरभर चालावे किंवा तितक्या श्रमाचे काम करावे. मुलांनी रोज सरासरी एक तास खेळावे, पळावे. अर्ध्या तासात माणूस सव्वादोन ते अडीच किलोमीटर चालतो. म्हणजे आठवड्याला बारा किलोमीटर. आजोबांच्या एका एकराच्या एका नांगरटीच्या निम्म्याहूनही कमी.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो. वीटभट्टीवर दिवसभर विटा वाहणारे कातकरी कुटुंब, दुसऱ्याच्या शेतात ओणव्याने लावणी करणारी वारली बाई, यांना कुणी व्यायामाचा उपदेश करू नये. त्यांना पोटभर सकस अन्न, विसावा आणि रास्त मजुरी हवी. ज्यांचे श्रम सुटले आणि खाणे तेवढेच राहिले, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

कुंडातला शेक आणि गुडघ्याचे बळ

अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आपल्याला ठाऊकच आहेत. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी हा सगळा गरम झऱ्यांचा पट्टा आहे. वज्रेश्वरीच्या दर्शनाला आलेला माणूस कुंडात डुंबल्याशिवाय परतत नाही. सांधे धरलेली, कंबर आखडलेली कितीतरी माणसे तेथे येतात.

गरम पाण्याने आराम पडतो, आखडलेले स्नायू सैल होतात, हे खरे आहे. परंतु गुडघ्याला आधार देतात ते मांडीचे स्नायू, आणि ते चालल्याने, उठबस केल्याने बळकट होतात. नुसता शेक घेऊन घरी येऊन खाटेवर बसले तर चार दिवसांत दुखणे पुन्हा हजर. शेक घ्यावा आणि सैल झालेले पाय घेऊन चालावेही.

साखरेच्या रुग्णांना येथे एक इशारा देतो. जुन्या मधुमेहात पायांची जाणीव कमी होते. पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही आणि पाय भाजतो. ती जखम लवकर भरत नाही, चिघळते, आणि कधी बोट किंवा पाय गमवायची पाळी येते. म्हणून अशा माणसाने कुंडात पाय टाकण्यापूर्वी कोपराने पाणी पाहावे, बरोबरच्या माणसाला पाहायला सांगावे आणि जास्त वेळ बसू नये. अनवाणी तर कुठेच चालू नये, बांधावरसुद्धा नाही. रोज रात्री तळवे पाहावेत.

वारीत चालते ती आजी घरी का चालत नाही?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माणसे चालत नाहीत ती आळसामुळे, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच दर आषाढात चालताना दिसतो.

आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून पंढरपूरला पोहोचते. अठरा-वीस दिवसांचा प्रवास. त्यात सत्तरीची म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन दिवे घाट चढते. तीच आजी एरवी गावात किराणा दुकानापर्यंत जायला नातवाची मोटारसायकल मागते. मग वारीत तिच्या पायांत बळ येते कुठून?

भक्ती तर आहेच. पण तिच्याबरोबर व्यवस्थाही आहे. दिंडी आहे, म्हणजे सोबत आहे. मुक्काम आणि विसावे ठरलेले आहेत. वाटेत पाणी आहे, जेवण आहे, औषधोपचाराची सोय आहे. पालखीच्या वेळी वाहने दुसरीकडून वळवतात, म्हणजे चालणाऱ्याला जागा आहे. आणि चालणाऱ्याला मान आहे. लोक त्याच्या पाया पडतात, त्याला हसत नाहीत. सोबत, वाट, विसावा आणि मान या चार गोष्टी मिळाल्या की सत्तरीचे पायही चालतात.

सरकारनेही हे ओळखले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या रुंदीकरणाच्या कामाची पायाभरणी झाली, तेव्हा त्या महामार्गांच्या आखणीतच दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायमार्ग धरण्यात आला. एवढ्या मोठ्या महामार्गाच्या कडेला चालणाऱ्यांसाठी पट्टा ठेवता येतो, तर आपल्या गावाच्या रस्त्याला तो का मागू नये? वारकरी वर्षातले अठरा-वीस दिवस चालतात. शाळेची पोरे तर बाराही महिने चालतात.

तालमीचा इतिहास

गावाने आणि राज्याने शरीरासाठी जागा राखावी, ही कल्पना परदेशातून आलेली नाही. मारुतीच्या देवळाशेजारी तालीम ही आपली जुनीच रीत. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी मल्लांना आश्रय दिला, तालमींना मदत केली आणि खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले. ते १९१२ साली खुले झाले. राजाने पैसा आणि जमीन व्यायामाकडे वळवली की काय होते, ते पुढे दिसले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमवली होती.

तालमीत एक उणीव होती. ती जवान गड्यांसाठी होती. बायका, मुली आणि म्हातारी माणसे तिच्या बाहेर राहिली. बायकांना नागपंचमीची, गौरीची फुगडी-झिम्मा होती. आपल्या भागातल्या वारली पाड्यांवर तारपा वाजू लागला की पुरुष-बायका हातात हात गुंफून रात्र रात्र फेर धरतात. तो नाच आज मंचावर पाहुण्यांना दाखवायला उरू नये, पाड्याच्या अंगणात राहावा. त्याच्याइतका चांगला व्यायाम कोणत्याही पुस्तकात नाही.

वाट मिळाली तर माणूस, आणि विशेषतः मुलगी, कशी पुढे जाते याचे एक अलीकडचे उदाहरण बिहारचे आहे. तेथील सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना आणली. दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली. मुली घोळक्याने सायकलवर जाऊ लागल्या, तेव्हा नावे ठेवणारी तोंडेही गप्प झाली. हजार उपदेशांनी जे झाले नसते ते एका योजनेने झाले.

गावाने करावयाची चार कामे

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. यातले कोणतेही काम फार खर्चाचे नाही. मात्र ते एकट्यादुकट्याने होणार नाही, गावाने ठराव करून करावे लागेल.

पहिले काम, वाट शोधणे. तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, किंवा भूमी अभिलेख कार्यालयात आपल्या गावाचा नकाशा मिळतो. त्यावर जुन्या वाटा दाखवलेल्या असतात. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायवाट, तिची रुंदी सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीवाट, तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. कित्येक गावांत या वाटा कागदावर जिवंत आहेत आणि जमिनीवर मेलेल्या आहेत. कुणी बांध सरकवला, कुणी कुंपण घातले, कुणी भराव टाकला. जमीन विकली गेली की नवा मालक बाहेरचा असतो, त्याला वहिवाट ठाऊक नसते. म्हणून वाट वाचवायची ती जमिनीचे व्यवहार होण्याआधी. एकदा तिच्यावर भिंत चढली की पुढच्या पिढीला तेथे वाट होती हेही कळणार नाही.

शेताकडे जाणारी चालू वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो, ही मुदत लक्षात ठेवा. मुळात वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. पण कचेरीत जाण्याआधी चार जाणती माणसे घेऊन त्या खातेदाराच्या ओसरीवर जावे. "दादा, कुंपण राहू द्या, पण माणूस जाईल एवढी वाट सोडा," असे गोडीने सांगितले तर बहुतेक माणसे ऐकतात. भाऊबंदकीत वाट अडवणाऱ्याचेही पाय कधीतरी दुखणारच असतात.

दुसरे काम, रस्त्याची साइडपट्टी मोकळी करणे. ग्रामीण रस्त्यांच्या नेहमीच्या मापाप्रमाणे एकूण रुंदी साडेसात मीटर आणि त्यात डांबरी पट्टा पावणेचार मीटर असतो. म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेदोन मीटरांहून अधिक साइडपट्टी हिशेबात धरलेली असते. रहदारी कमी असलेल्या रस्त्यांची मापे लहान असतात, पण साइडपट्टी त्यांनाही असते. प्रत्यक्षात तेथे काय दिसते? घाणेरीची झुडपे, खडीचे ढीग, कचरा, उभी केलेली वाहने आणि पावसाने पडलेली घळ. चालणारा मग डांबरावर येतो आणि ट्रकच्या तडाख्यात सापडतो. झुडपे तोडून, घळी मुरमाने भरून ती पट्टी चालण्याजोगी करणे हे श्रमदानाचे काम आहे. पक्के काम हवे असेल तर रस्ता ज्या खात्याचा असेल, जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकामाचा, त्याच्याकडे ग्रामसभेचा ठराव पाठवावा. सार्वजनिक रस्त्यावरचे अडथळे आणि अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने पंचायतीला दिलेला आहे.

तिसरे काम, मैदान उघडणे. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या कायद्याने, शाळेला क्रीडांगण असावे असे सांगितले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत शंभरात पंचाहत्तर पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. म्हणजे आपणच त्या समितीत आहोत. शाळा सुटल्यावर दोन तास मैदान उघडे ठेवावे, किल्ली कुणाकडे राहील, केर कोण काढील, मोडतोड झाली तर जबाबदारी कुणाची, एवढे लिहून ठराव करावा. कबड्डीला पैसा लागत नाही, खो-खोला दोन खांब पुरतात. संध्याकाळचा पहिला तास मुलींचा, असे ठरवून टाकावे. नाहीतर दांडगी पोरे मैदान अडवून बसतात आणि मुली घरी.

पंचायतीने असे काही करावे की नाही, अशी शंका कुणी काढली तर त्याला सांगा की आखाडे आणि खेळाच्या जागा उभारणे, सांभाळणे हे ग्रामपंचायतीच्या ग्रामसूचीतच लिहिलेले काम आहे. गायरान शिल्लक असेल तर ते आधी राखा. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्व राज्यांना आदेश दिले. मात्र ज्या भूमिहीन कुटुंबाची झोपडी वर्षानुवर्षे तेथे आहे त्याच्यावर मैदानाच्या नावाने नांगर फिरवू नका. त्या निकालातही भूमिहीनांचा विचार वेगळा केलेला आहे.

चौथे काम, दिवा आणि सोबत. बायकांना मोकळा वेळ मिळतो तो पहाटे किंवा दिवे लागल्यानंतर, आणि तेव्हाच वाट अंधारी असते. वाटेवर चार खांबांवर दिवे लागले तर बायका चालतील. पूर्वी विहिरीवर जाताना चौघीजणी बरोबर असत, सुखदुःख बोलले जाई. नळ आला आणि ती सोबत तुटली. बचत गटाने ती पुन्हा जोडावी. आठवड्यातून तीन संध्याकाळी गटातल्या दहाजणी मिळून निघाल्या, तर कुणाला हसण्याची हिंमत होत नाही आणि घरूनही अडवत नाहीत.

घरच्या घरी

गावाचे काम होईपर्यंत घरात बसू नका. शेतावर मोटारसायकलने जात असाल तर ती अर्ध्या वाटेवर ओळखीच्या अंगणात लावा आणि पुढे पायी जा. रस्त्याने चालायचेच असेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने चाला. अंगावर पांढरा सदरा आणि हातात विजेरी असू द्या. पावसाळ्यात गवतातून जाताना पायांत बूट आणि हातात काठी हवी. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दहा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी लांब जाऊ नये, खिशात गुळाचा खडा ठेवावा. छातीत दुखले, दम फार लागला, तर थांबून सरळ डॉक्टरांकडे जावे. म्हाताऱ्या माणसांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करावी. तोल राहतो आणि पडण्याचे भय कमी होते.

ग्रामसभेत मांडण्याचा ठराव

वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमारास होतात. त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. हा विषय तेथूनच पुढे येऊ द्या. भिवंडी तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तेथे पेसा कायद्याखाली पाड्याला स्वतःची ग्रामसभा घोषित करून घेता येते, तिचाही उपयोग करावा. ठराव लांबलचक नको. एवढा पुरे :

"गावनकाशावरील सर्व पायवाटा व गाडीवाटा मोजून, खुणेचे दगड लावून मोकळ्या कराव्यात. गावातून जाणाऱ्या रस्त्याची साइडपट्टी चालण्यायोग्य करावी. शाळेचे मैदान रोज संध्याकाळी दोन तास ग्रामस्थांसाठी खुले ठेवावे व त्यातील पहिला तास मुली व स्त्रियांसाठी राखावा. निवडलेल्या एका वाटेवर दिवे बसवावेत. ही कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावीत."

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. आराखड्यात जे नाव येते त्याला पैसा मिळण्याची वाट असते. जे येत नाही ते भाषणापुरते राहते. ठराव झाला की त्याची नक्कल मागून घ्या आणि पुढच्या सभेत पहिला प्रश्न तोच विचारा.

सभेला जाण्यापूर्वी एक काम मात्र याच आठवड्यात करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर घ्या आणि त्यांना विचारा की त्यांच्या लहानपणी नदीवर, देवळात, शेतावर आणि शेजारच्या गावी जायच्या वाटा कोणत्या होत्या. त्या वाटांनी त्यांच्याबरोबर चाला आणि कुठे कुठे अडते ते वहीत लिहून ठेवा. ती वही घेऊनच ग्रामसभेला जा. ज्या वाटा या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहेत, त्या सांगायला ती माणसे आणखी किती पावसाळे असतील, याचा विचार करून उशीर करू नका.

पुढील आठवड्यात वालाच्या बियाण्याविषयी बोलू. कळावे.